नाण्यावरची राणी म्हातारी का होत नव्हती

दोन सोन्याची नाणी शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाची सॉव्हरिन, म्हणजे एक पौंडाचं नाणं, ज्याला आपल्याकडे सराफ अजूनही सर्रास गिन्नी म्हणतात (खरी गिनी वेगळी, ती २१ शिलिंगांची होती आणि १८१४ नंतर पाडलीच नाही, पण नाव मात्र आपल्याकडे सॉव्हरिनला चिकटलं ते चिकटलंच). एकावर साल आहे १८३८, दुसऱ्यावर १८८७, आणि हे दुसरं पाडलंय ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या टांकसाळीत. मधे ४९ वर्षं गेली, बाईंना नऊ मुलं झाली, नवरा वारला, नातवंडं पतवंडं झाली, त्या वयातले फोटो तर सगळ्यांनी पाहिलेतच, आणि दोन्ही नाण्यांवर चेहरा मात्र तोच, केस मागे बांधलेली, मान सरळ ठेवलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी.

मला नाणी गोळा करायचा नाद लागला तेव्हा पहिल्यांदा हेच खटकलं होतं. वाटलं आळस असेल, कोण नवीन ठसा कोरत बसणार. पण नंतर वाचत गेलो तसं कळलं की नाण्यावरचा चेहरा म्हणजे फोटो नाहीच मुळी. तो शिक्का आहे, म्हणजे हमी. या चकतीत इतकं सोनं आहे, घे बिनधास्त, असं सांगणारी सही. आणि सही कोण दर पाच वर्षांनी बदलतं का? बदलली तर बँकवालाच आधी संशय घेतो. पण ही सही पहिल्यांदा करायची वेळ आली तेव्हा काय काय भानगडी होत्या ते बघण्यासारखं आहे.

आधी ही मुलगी गादीवर आली कशी ते थोडक्यात, कारण तो सगळा योगायोगच आहे. राजा तिसरा जॉर्ज, त्याला ढीगभर मुलं, पण कायदेशीर नात एकच, प्रिन्सेस शार्लट, आणि ती १८१७ मध्ये बाळंतपणात गेली. मग सगळ्या म्हाताऱ्या होत चाललेल्या काकांची लग्नासाठी एकच घाई. त्यातल्या ड्यूक ऑफ केंटला २४ मे १८१९ ला मुलगी झाली, आणि ती आठ महिन्यांची असतानाच बाप वारला. मोठे काका एकेक करून गेले, त्यांच्यामागे औरस मूल कोणाचंच उरलं नाही. या मोठ्या काकांतला शेवटचा चौथा विल्यम, त्याला दहा मुलं होती पण सगळी एका नटीपासून, लग्नाबाहेरची, म्हणून गादीला उपयोग शून्य.

आता या मुलीची आई आणि आईचा कारभारी सर जॉन कॉनरॉय, या दोघांचा डाव असा की मुलगी १८ वर्षांची व्हायच्या आत राजा मेला तर आईच्या हातात कारभार येणार, म्हणजे पर्यायाने कॉनरॉयच्या. त्यासाठी त्या पोरीला केन्सिंग्टन राजवाड्यात असं वाढवलं की काय सांगावं, झोपायचं आईच्याच खोलीत, जिना उतरायचा तर कोणाचातरी हात धरून, एकटं राहणं हा प्रकारच नाही. राजा विल्यमला हे सगळं दिसत होतं आणि त्याला ती वहिनी डोळ्यासमोर नको असायची. १८३६ मध्ये स्वतःच्या वाढदिवसाच्या जेवणात, भर पंगतीत, वहिनी बाजूलाच बसलेली असताना तो म्हणाला की मला अजून नऊ महिने जगायचंय, म्हणजे हिच्या हातात राज्य जाणार नाही. आणि पठ्ठ्या जगला! व्हिक्टोरिया २४ मे १८३७ ला १८ ची झाली, विल्यम २० जून १८३७ च्या पहाटे गेला. २७ दिवसांच्या फरकाने सगळा डाव हुकला.

सकाळी सहाला तिला उठवलं, कँटरबरीचे आर्चबिशप आणि लॉर्ड कॉनिंगहॅम निरोप घेऊन आले होते, आणि ती त्यांना एकटी भेटली, आईला बरोबर न घेता. त्याच दिवशी तिने आपला पलंग आईच्या खोलीतून बाहेर काढायला लावला. माझ्या मते तिच्या राज्याची खरी सुरुवात तो पलंग हलला तिथे झाली. राज्याभिषेक वगैरे नंतर, २८ जून १८३८ ला, पाच तास चाललेला, त्यात आर्चबिशपने अंगठी चुकीच्या बोटात कोंबली आणि ती काढताना हिला नाकी नऊ आले.

आता नाण्यांकडे. राजा मेला म्हणून जुनी नाणी बाद होत नाहीत, एवढं आधी डोक्यात घेऊ. विल्यमची नाणी चालतच होती, त्याच्या आधीच्या चौथ्या जॉर्जची, तिसऱ्या जॉर्जची पण चालत होती, गल्ल्यात सगळे एकत्र. १८३७ साल घातलेली नाणी बघितली तर विल्यमचीच आहेत, व्हिक्टोरियाचा चेहरा रोजच्या नाण्यावर यायला १८३८ उजाडलं. कारण नुसता चेहरा बदलायचा नव्हता. मागची बाजूसुद्धा बदलायची होती, आणि तिथे होतं हॅनोव्हरचं लफडं.

झालं असं की १७१४ पासून इंग्लंडचा राजा तोच जर्मनीतल्या हॅनोव्हरचा पण राजा, म्हणजे आधी तिथला सरदार आणि १८१४ नंतर राजा. दोन घरं, एकच कर्ता. पण हॅनोव्हरच्या कायद्यात कुळात पुरुष शिल्लक असेल तर बाईला गादी नाही. त्यामुळे व्हिक्टोरिया राणी झाली त्याच क्षणी हॅनोव्हर तुटलं आणि गेलं तिच्या काकाकडे, ड्यूक ऑफ कंबरलँड, अर्न्स्ट ऑगस्टस. विल्यमच्या नाण्यावर मागे जी ढाल आहे तिच्या मधोमध हॅनोव्हरची छोटी ढाल बसवलेली दिसते. व्हिक्टोरियाच्या नाण्यावर ती गायब. इंग्लंडचे सिंह, स्कॉटलंडचा सिंह, आयर्लंडची वीणा, बस. भिंग घेऊन दोन नाणी बघितली तर १२३ वर्षांचं एक राजकारण संपल्याचं तिथे दिसतं, एक रुपयाएवढ्या जागेत.

आणि हा काका लोकांना अजिबात आवडायचा नाही, इतका की व्हिक्टोरियाला काही झालं असतं तर इंग्लंडची गादीही त्यालाच मिळाली असती या विचारानेच लोकांना घाम फुटायचा. तो हॅनोव्हरला गेला तेव्हा बर्मिंगहॅमच्या बटणवाल्या कारागिरांनी पितळेच्या चकत्या काढल्या, एका बाजूला व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेला काका घोड्यावर बसून चाललाय, खाली ड्रॅगन, आणि वर लिहिलंय "टू हॅनोव्हर". म्हणजे जा बाबा एकदाचा. १८१७ च्या मूळ सॉव्हरिनवर इंग्लंडचा संत सेंट जॉर्ज घोड्यावरून ड्रॅगनला मारतो त्याची ही नक्कल. या चकत्या पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी वापरायचे, पण आकार आणि रंग सॉव्हरिनसारखा, त्यामुळे अंधारात, गर्दीत, अडाणी माणसाला खरं नाणं म्हणून खपवायचे पण प्रकार चालायचे. हे इतकी वर्षं चाललं की शेवटी १८८३ मध्ये असल्या नाण्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूंविरुद्ध कायदा करावा लागला. आजही जुन्या बाजारात त्या मिळतात, आणि १८३७ साल बघून सोन्याचं नाणं समजून घेणारे आजही सापडतात.

बरं, चेहरा कोणी कोरला? विल्यम वायन. बर्मिंगहॅमचा, १७९५ चा जन्म, सगळं खानदानच ठसे कोरणाऱ्यांचं. लंडनच्या टॉवर हिलवरच्या टांकसाळीत तो मुख्य ठसेकार. पण त्याच टांकसाळीत आणखी एक बडी असामी होती, बेनेडेट्टो पिस्ट्रुची, इटालियन, रत्नावर कोरीव काम करणारा, १८१७ चा तो सेंट जॉर्ज-ड्रॅगनवाला सॉव्हरिन त्याचाच. हुशार म्हणजे काय, प्रश्नच नाही, पण डोकं गरम. परदेशी म्हणून मुख्य ठसेकाराचं पद रीतसर मिळेना, आणि दुसऱ्याने केलेल्या चित्रावरून मी ठसा कोरणार नाही म्हणून याने हट्ट धरलेला, त्यात १८२८ ला पद वायनला गेलं. मग एकाच कारखान्यात दोन उस्ताद, पगार वाटून घेतलेला, दोघांचे समर्थक पेपरांतून एकमेकांवर चिखल उडवतायत. आपल्याकडे संगीताच्या घराण्यांत चालायचं तसलंच. पिस्ट्रुचीला वॉटर्लूच्या विजयाचं एक पदक करायला दिलं होतं ते त्याने संपवलं १८४९ मध्ये, म्हणजे तीसेक वर्षांनी, तोवर ज्या राजांना ते द्यायचं होतं त्यातले बहुतेक मेले होते. राज्याभिषेकाचं पदकही त्यालाच दिलं, आणि त्यावर बरीच टीका झाली. नाण्याचं काम मात्र वायनकडे, आणि नशीब म्हणायचं.

कारण वायनने व्हिक्टोरियाला आधीपासून बघितलेलं होतं. १८३४ मध्ये ती १५ वर्षांची असताना त्याने तिचं डोकं टिपलेलं होतं. म्हणजे राणी व्हायच्या तीन वर्षं आधी.

ठसा कसा बनतो ते सांगतो, कारण त्याशिवाय हा चेहरा इतकी वर्षं कसा टिकला ते कळणार नाही. मऊ पोलादाचा एक ठोकळा घ्यायचा, त्यावर चेहरा उठावात कोरायचा, नाण्यावर दिसतो तसाच. मग त्या पोलादाला पाणी द्यायचं, म्हणजे लालभडक तापवून गार करायचं की ते कडक होतं. आता हा कडक पंच दुसऱ्या मऊ पोलादावर प्रचंड जोराने दाबायचा, की तिथे चेहरा उलटा, खोलगट उमटतो. त्यालाही पाणी द्यायचं. मग त्याच्यावरून पुन्हा उठावाचे पंच, आणि त्यांच्यावरून रोज वापरायचे खोलगट ठसे, पाहिजे तितके. सोन्याची चकती दोन ठशांच्या मधे ठेवायची, वाफेवर चालणारा प्रेस खाली येतो, धाड, नाणं तयार, आणि बाजूच्या कड्यामुळे त्याच वेळी काठावर कंगोरे पण उमटतात. हे कंगोरे शोभेसाठी नाहीत हां, कोणी कानशीने काठ घासून सोनं चोरलं तर लगेच कळावं म्हणून. तर मुद्दा असा की रोजचा ठसा झिजला, तडकला, तरी मूळ पंच तिजोरीत शाबूत, त्याच्यावरून नवा ठसा काढा. वायनची ती पोरगी अशी पोलादात मागच्या मागे जपलेली होती. सिडनी, मेलबर्नला टांकसाळी निघाल्या त्यांनाही लंडनहूनच ठसे जायचे.

चेहऱ्यात काय आहे बघा. मुकुट नाही. केसांना दोन फिती, मागे अंबाडा, मान उघडी, तोंड डावीकडे. जुन्या ग्रीक रोमन नाण्यांची ती पद्धत, त्या काळी तेच उच्च मानायचे. डावीकडे का, तर विल्यमचं तोंड उजवीकडे होतं म्हणून. सतराव्या शतकापासून इंग्लंडात एक राजा या बाजूला बघतो तर पुढचा त्या बाजूला, ही रीत चालू आहे, अगदी परवा एलिझाबेथ उजवीकडे आणि आता चार्ल्स डावीकडे. मानेच्या कापलेल्या कडेवर अगदी बारीक डब्ल्यू डब्ल्यू, वायनची सही.

नाण्याच्या दोन्ही बाजूंना मिळून लॅटिन. देवाच्या कृपेने व्हिक्टोरिया, ब्रिटनची राणी, धर्माची रक्षक. शेवटच्या दोन शब्दांची गंमत अशी की धर्मरक्षक ही पदवी १५२१ मध्ये पोपने आठव्या हेन्रीला दिली होती, हेन्रीने मार्टिन ल्यूथरच्या विरोधात लिहिलं म्हणून. पुढे हेन्रीने पोपशीच काडीमोड घेतला, पोपने पदवी काढून घेतली, पार्लमेंटने ती परत बहाल केली, आणि आज पाचशे वर्षांनीही ब्रिटिश नाण्यावर ती आहे.

हिशोब आपल्या जुन्या आणे-पैंसारखाच डोकं खाणारा. १२ पेन्स म्हणजे १ शिलिंग, २० शिलिंग म्हणजे १ पौंड, म्हणजे पौंडात २४० पेनी. पेनीचे चार फार्दिंग. तांब्याची पेनी चांगली रुंद आणि जड, मागे ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली देवी, बसलेली. चांदीत शिलिंग, सहा पेन्स, अर्धा क्राउन वगैरे. सोन्यात सॉव्हरिन आणि अर्धा सॉव्हरिन, सॉव्हरिन ७.९८८ ग्रॅमचं, २२ कॅरेट. सिलोनसाठी १८२८ पासून अर्ध्या फार्दिंगचं पण एक नाणं काढायचे, त्यावर १८३९ पासून व्हिक्टोरिया आली, एका पौंडाला १९२० येणार, इतकं बारीक.

याच १८३९ साली वायनने जे केलं ते मात्र वेगळं. पाच पौंडांचं सोन्याचं नाणं, बाजारात चालवायला नाही, संग्राहकांच्या सेटसाठी, चारशेच्या आसपासच पाडलेलं. त्याच्या मागे ढाल नाही, सेंट जॉर्ज नाही, तर स्वतः व्हिक्टोरिया चालतीये, हातात राजदंड आणि गोल, आणि बाजूला एक भलामोठा सिंह तिच्याबरोबर मुकाट चाललाय. ही "उना". एडमंड स्पेन्सरचं सोळाव्या शतकातलं "द फेअरी क्वीन" नावाचं लांबलचक काव्य आहे, त्यातली सत्याचं रूप असलेली मुलगी, जिच्यावर सिंह धावून येतो आणि तिला बघून गरीब होतो, मग तिचा राखणदार बनतो. सिंह म्हणजे ब्रिटन. चालू राणीला कल्पित गोष्टीतल्या पात्राच्या रूपात ब्रिटिश नाण्यावर दाखवायची ही पहिलीच वेळ. वरती लॅटिनमध्ये, देवा माझ्या पावलांना दिशा दे. आज हे नाणं लिलावात आलं की बोली कोटींतही जाते.

मला हे नाणं देखणं वाटतंच, पण त्याचं साल बघून थोडं हसूही येतं. कारण १८३९ मध्ये सिंह बाईंच्या बाजूने अजिबात चालत नव्हता. त्या वर्षी तिच्या दरबारातल्या लेडी फ्लोरा हेस्टिंग्जचं पोट वाढलेलं दिसलं, ही आईच्या बाजूची, कॉनरॉयशी बोलणं-चालणं असलेली, मग राणी आणि तिच्या बायकांनी कुजबुज केली की दिवस गेलेत. डॉक्टरी तपासणीत निघालं तसं काही नाही, आणि जुलैमध्ये ती बिचारी पोटातल्या गाठीने मेली. लोक भडकले. त्याच वर्षी मे महिन्यात पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नने राजीनामा दिला, त्याच्या जागी येणाऱ्या रॉबर्ट पीलने अट घातली की तुमच्या दासींमधल्या विरोधी पक्षाच्या काही बायका बदला, राणी म्हणाली एकही नाही बदलणार, पील परत गेला, मेलबर्न पुन्हा खुर्चीत. एकोणीस वर्षांच्या मुलीने हट्टाने सरकार अडवलं. अ‍ॅस्कॉटच्या रेसला तिला लोकांनी हुर्यो केली. म्हणजे देवा पावलांना दिशा दे हे अगदी वेळेवरच छापलं म्हणायचं.

पैशाच्या बाजूनेही ते वर्ष वाईट. पिकं बुडाली, धान्य बाहेरून आणलं, त्याचं बिल सोन्यात भागवलं, बँक ऑफ इंग्लंडची तिजोरी इतकी खाली गेली की फ्रान्सच्या बँकेकडून उसनं घ्यायची नामुष्की आली. आता टांकसाळ काही स्वतःच्या मनाने सोन्याची नाणी पाडत नाही, बँक सोनं आणून देणार तेव्हा पाडणार. म्हणून १८३८ ला २७ लाखांच्या आसपास सॉव्हरिन निघाले, १८४१ ला जेमतेम सव्वा लाख. त्यामुळेच लंडनचं १८४१ चं सॉव्हरिन आज संग्राहकांना स्वप्नात दिसतं. सौंदर्याबिंदर्याचा काही संबंध नाही, दिसायला ते १८३८ सारखंच आहे.

आणि १८४२ मध्ये आणखी एक दणका. नाणं हातोहाती झिजतं, ग्रेन दोन ग्रेन सोनं उडून जातं. सरकारने जाहीर केलं की ठरलेल्या वजनापेक्षा हलकं झालेलं सॉव्हरिन आता पुऱ्या भावात चालणार नाही. म्हणजे ज्याच्या हातात त्या दिवशी हलकं नाणं, नुकसान त्याचं, झिजवलं असेल शंभर जणांनी. दुकानात, बँकेत तराजू आले. आपल्याकडच्या बट्ट्याचा अनुभव असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण राणीच्या चेहऱ्याची हमी आहे म्हणून न मोजता घ्यायची सवय लागलेल्या लंडनच्या दुकानदाराला ते चांगलंच झोंबलं. हमी चेहऱ्याची होती, पण वजन गेलं की चेहऱ्याला कोण विचारतो.

वायनच्या त्या पंधरा वर्षांच्या मुलीचा खरा पराक्रम नाण्याबाहेर आहे. ९ नोव्हेंबर १८३७ ला राणी लंडनच्या गिल्डहॉलला गेली, त्या भेटीच्या पदकासाठी वायनने १८३४ चंच डोकं वापरलं. मग १८४० मध्ये जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट काढायचं ठरलं, काळी पेनी, तिच्यासाठी त्याच पदकावरून चित्र काढलं. चेहराच का, तर माणसाच्या डोळ्याला चेहऱ्यातला बारीकसा फरकही पटकन कळतो, खोटं तिकीट लगेच उघडं पडतं. ६ मे १८४० पासून ते वापरात आलं आणि राणी १९०१ मध्ये ८१ व्या वर्षी गेली तोपर्यंत ब्रिटनच्या तिकिटांवर तीच मुलगी होती.

ब्रिटनमध्ये नाण्यांत बदल करायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. १८४९ ला फ्लोरिन काढलं, दोन शिलिंगांचं, पौंडाचा दहावा भाग, म्हणजे दशमान पद्धतीकडे पहिलं पाऊल. (पुढचं पाऊल टाकायला त्यांना १९७१ उजाडलं, आपण १९५७ लाच नवे पैसे आणून मोकळे झालो होतो.) त्या फ्लोरिनवर देवाच्या कृपेने हे शब्दच गाळले. झालं, लोक म्हणायला लागले हे नास्तिक नाणं, आणि टांकसाळीचा प्रमुख कॅथलिक होता त्याच्यावर खापर, त्या वर्षी कॉलरा आला त्याचाही संबंध काहींनी या नाण्याशी जोडला. पुढच्या फ्लोरिनवर देव गुपचूप परत आला. आणि सोन्यावरचा चेहरा शेवटी १८८७ ला, राज्याच्या पन्नाशीला बदलला (सुरुवातीचं सिडनीचं नाणं त्याच वर्षीचं, पण बदलाआधीचं), तर डोक्यावर इतका इटुकला मुकुट बसवला की लोकांनी यथेच्छ टिंगल केली. त्या नव्या मालिकेतल्या सहा पेन्सची मागची बाजू अर्ध्या सॉव्हरिनसारखी, आकारही तसाच, लोकांनी सोन्याचा मुलामा देऊन खपवायला सुरुवात केली, घाईघाईने ते नाणं मागे घ्यावं लागलं. चेहरा का बदलत नव्हते ते मला तेव्हा नीट कळलं.

आता आपल्या घरातलं नाणं, राणीछाप रुपया. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, १८० ग्रेन वजन, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणून तर गावोगावी हा रुपया तराजूत वजन म्हणून टाकायचे, ८० रुपये म्हणजे एक शेर. त्याआधी कंपनी नाणी पाडायची ती बहुतेक दिल्लीच्या बादशहा शाह आलमच्या नावाने, तो १८०६ ला मेल्यानंतरसुद्धा. १८३५ ला चौथा विल्यम आला, आणि व्हिक्टोरिया राणी होऊनही आपल्याकडे तीन वर्षं विल्यमच चालू होता. तिचा रुपया आला १८४० चा. चेहरा वायनच्याच धाटणीचा, बिनमुकुटाचा, वर इंग्रजीत व्हिक्टोरिया क्वीन, मागे पानांची वेल, वन रुपी, आणि फारसी लिपीत यक रुपिया, भोवती ईस्ट इंडिया कंपनी. देवाच्या कृपेने वगैरे काही नाही. म्हणजे ज्या शब्दांसाठी इंग्लंडात गदारोळ झाला ते इथल्या रुपयावर नऊ वर्षं आधीपासून नव्हते आणि कोणाच्या ते गावीही नव्हतं.

सालाची भानगड मात्र समजून घ्या, कारण यात भले भले फसतात. १८४० साल घातलेला हा रुपया पुढे वीस वर्षं १८४० च छापत राहिला. आधी नाव सलग लिहिलेलं, पुढे साधारण १८५० नंतर व्हिक्टोरिया एका बाजूला आणि क्वीन दुसऱ्या बाजूला असं तुटक, पण साल तेच. १८५७ च्या धामधुमीत पाडलेल्या रुपयावरही १८४०. याचं मूळ जुनं आहे. बंगालात सराफ काय करायचे, नाणं एक वर्ष जुनं झालं की साल बघून त्यावर बट्टा कापायचे, म्हणून कंपनीने बादशहा शाह आलमच्या राजवटीचं १९ वं वर्षच कायमचं छापायला सुरुवात केली, सालच हललं नाही तर बट्टा कशावर कापणार. १८४० गोठवण्यामागे मला तर तीच सवय दिसते. १८६२ ला मुकुटवाली राणी आली, तेव्हाही साल १८७४ पर्यंत गोठलेलं, मुंबईच्या टांकसाळीने मग सालाखाली ठिपके देऊन खरं वर्ष ओळखायची सोय केली. १८७७ पासून क्वीनच्या जागी एम्प्रेस.

म्हणून १८४० चा रुपया आजीच्या डब्यात सापडला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी लिहिलं की याचे पंधरा लाख येतात, तर शांत राहा. कोट्यवधी पाडलेत ते. आमच्या ओळखीतल्या एका काकांना असाच फोन आला होता, नाणं विकत घेतो म्हणून, आधी रजिस्ट्रेशन फी भरा, मग टॅक्स भरा, मग अजून काहीतरी भरा, नाणं अजून काकांच्याच कपाटात आहे आणि पैसे गेले. खऱ्या रुपयाची किंमत त्यातल्या चांदीची आणि वर अवस्थेप्रमाणे थोडी, बास. संग्राहक लोक वेलीवरची फळं मोजतात, ठशागणिक ती कमीजास्त आहेत, आणि दुर्मीळ ठसा निघाला तर गोष्ट वेगळी. आणि हो, कृपा करून चिंच लावून घासू नका, घासलेला रुपया सराफ वितळवायच्याच भावात घेतो. त्यापेक्षा भिंग घ्या आणि मानेखालच्या कडेला बघा, काही रुपयांवर तिथे अगदी बारीक डब्ल्यू डब्ल्यू सापडतं.